ओल्सेनची टोळी : एका योजनेची तीस वर्षे

चोरी हा अपराध आहे यात वाद नाही. परंतु ती एक कलाही असू शकते, ही कल्पना आपल्या वाङ्मयाला नवी नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शर्विलक भिंतीला भगदाड पाडावयास बसतो, तेव्हा ते कमळाच्या आकाराचे असावे, सूर्यबिंबासारखे असावे की चंद्रकोरीसारखे, याचा तो अगदी शास्त्रोक्त विचार करतो. मोजमापाची दोरी आणावयाची राहिली हे ध्यानात येताच तो गळ्यातील यज्ञोपवीत काढतो आणि त्यानेच माप घेतो. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यापासून हा विद्वान चोर आपल्या रसिकांच्या घरोब्याचा झाला आहे. आज ज्या चोराची हकीकत मी सांगणार आहे, तो या शर्विलकाचा दूरचा भाऊबंद शोभेल. तो डेन्मार्कचा रहिवासी, त्याचे नाव एगॉन ओल्सेन. १९६८ पासून १९९८ पर्यंत तीस वर्षांत त्याने एकूण चौदा चित्रपटांतून चोऱ्या केल्या, आणि इतक्या वर्षांत त्याच्या हाती जे लागले त्यात त्याचे एक वर्षही धड निभावले नसते.

डेन्मार्कचा आणि आपला संबंध फारसा येत नाही. तंजावरकडे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी श्रोत्यांना मात्र तरंगंबाडीचा समुद्रकाठचा किल्ला ठाऊक असेल. १६२० पासून १८४५ पर्यंत तेथे डॅनिश लोकांचे ठाणे होते. त्या देशाची लोकसंख्या ओल्सेनच्या काळात पन्नास लाखांच्या घरात होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या शहराइतकीच. एवढ्या लहान भाषिक समाजात, देशाबाहेर ज्यांचे नाव कुणी ऐकले नाही अशा नटांना घेऊन काढलेले हे चित्रपट. त्यांपैकी १९७६ सालचा चित्रपट पाहावयास चित्रगृहांतून सुमारे बारा लाख तिकिटे खपली. पन्नास लाखांत बारा लाख, हे प्रमाण कोणत्याही देशाच्या चित्रपटधंद्याला हेवा वाटावा असेच आहे. एका अयशस्वी चोरात एवढ्या लोकांना काय दिसले, हाच आजच्या भाषणाचा विषय.

ओल्सेन जन्माला येण्यापूर्वी दरोड्याच्या चित्रपटांची एक परंपरा तयार झालेली होती. १९५० साली जॉन ह्यूस्टन यांनी अमेरिकेत ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’ काढला. निरनिराळ्या कसबांची माणसे एकत्र जमवायची, बेत आखायचा, तो तडीस न्यायचा आणि मग मानवी दुर्बलतेपायी सारे धुळीस मिळायचे, हा सांगाडा त्याने पक्का केला. १९५५ साली ज्यूल्स दासँ यांनी फ्रान्समध्ये ‘रिफिफी’ काढला. त्यात जवाहिऱ्याच्या दुकानावरील दरोड्याचा सुमारे अर्ध्या तासाचा भाग एका शब्दावाचून आणि संगीताच्या एका स्वरावाचून चालतो. प्रेक्षक श्वास रोखून बसतो. १९५८ मध्ये इटलीच्या मारिओ मोनिचेल्ली यांनी याच सांगाड्याची थट्टा मांडली. त्यांच्या चित्रपटातील गरीब चोर भलतीच भिंत फोडून स्वयंपाकघरात शिरतात, आणि तेथील शेवया व हरभरे खाऊन परततात. १९६० साली अमेरिकेत फ्रँक सिनात्रा आणि मंडळींचा ‘ओशन्स इलेव्हन’ आला. त्यात लुटलेला पैसा शवपेटीत लपविला जातो आणि प्रेताबरोबर तोही दहनभट्टीत जातो.

हे सगळे दरोडे शेवटी का फसत? अमेरिकेत याचे एक उत्तर कायद्यासारखेच रोखठोक होते. १९३४ पासून १९६८ पर्यंत तेथील चित्रपटधंद्याने स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली होती आणि गुन्ह्याचे फळ गोड असल्याचे दाखविण्यास तिची मनाई होती. डेन्मार्कमधील लेखकांवर असे बंधन नव्हते. तेथे ओल्सेन फसतो तो कुणाच्या नियमामुळे नव्हे, तर लेखकांना तो तसाच दिसला म्हणून. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण सक्तीने आणलेले अपयश आणि ओळखीचे अपयश यांत फार अंतर असते.

या चित्रपटांची निर्मिती करणारी नॉर्डिस्क ही संस्था १९०६ साली स्थापन झालेली. जगातील जुन्या चित्रपटसंस्थांत तिची गणना होते. तिच्या संस्थापकाचे नाव ओले ओल्सेन होते, हा एक गमतीचा योग. दिग्दर्शक एरिक बालिंग हे त्याच संस्थेत वाढलेले. ग्रीनलंडमध्ये चित्रित केलेला त्यांचा १९५६ सालचा ‘क्विविटोक’ हा गंभीर चित्रपट ऑस्कर पारितोषिकासाठी विचारात घेतला गेला होता. परंतु त्यांचा खरा ओढा विनोदाकडे. जेम्स बाँडच्या चित्रपटांनी युरोप वेडावून गेला असता त्यांनी १९६५ आणि १९६६ मध्ये फ्रेडे नावाच्या नायकाचे दोन चित्रपट काढून त्या हेरकथांची यथेच्छ टर उडविली. त्यांत मॉर्टन ग्रुनवाल्ड आणि ओव्हे स्प्रोगे हे दोन नट होते. हेरांचे झाले, आता दरोडेखोरांकडे वळावे, असे मनात येणे स्वाभाविकच होते.

बालिंग यांचे सहलेखक हेनिंग बास हे मूळचे नेपथ्यकार. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लाकूड, खिळे, कापड, दोरखंड आणि थोडीशी स्फोटक दारू यांतून राजवाडा किंवा तुरुंग उभा करणे हा ज्याचा रोजचा धंदा, त्याने चोरीची कथा लिहिली म्हणजे ती चोरी सुताराच्या किंवा गवंड्याच्या नजरेने लिहिली जाणार. ओल्सेनच्या बेतांत पिस्तुलांना जवळजवळ स्थान नाही. असते ते काय? कोणती भिंत पोकळ आहे, कोणते दार केव्हा उघडते, पहारेकऱ्याला चहाची तलफ किती वाजता येते, याचे ज्ञान. आणि वरवर पाहता एकमेकींशी कसलाही संबंध नसलेल्या चार-दोन घरगुती वस्तू. या वस्तू गोळा करावयास सांगितल्या जातात तेव्हा सोबत्यांना आणि प्रेक्षकांना त्यांचा अर्थ लागत नाही. पुढे एकेक वस्तू आपापल्या जागी अशी चपखल बसते की, यंत्राचे सुटे भाग डोळ्यांदेखत जुळल्याचा आनंद व्हावा.

टोळी तिघांची. ओव्हे स्प्रोगे यांचा एगॉन हा म्होरक्या. अंगात रेघारेघांचा सूट, डोक्यावर गोल टोप, तोंडात विझलेला सिगार. हा मनुष्य गरीब आहे, पण त्याच्या पोशाखात गरिबी नाही. एखाद्या जुन्या पेढीच्या मुनिमासारखा त्याचा नेटकेपणा. ग्रुनवाल्ड यांचा बेनी म्हणजे आखूड विजारीतून पिवळे मोजे दाखवीत उड्या मारणारा, एगॉनच्या प्रत्येक बेतावर मनापासून खूष होणारा गडी. तिसरा केल, म्हणजे पॉल बुंडगार्ड. स्थूल, भित्रा, संसारी. या केलची बायको इव्हॉन ही टोळीची चौथी अघोषित सभासद, आणि किर्स्टन वाल्टर यांनी ती अशी काही रंगविली आहे की, काही चित्रपटांत तीच नायिका वाटते. तिला या धंद्याचे नीतीच्या दृष्टीने वाईट वाटत नाही. तिची तक्रार एवढीच की इतकी वर्षे खपूनही घरात काही येत नाही. नवऱ्याच्या पगारवाढीबद्दल आपल्याकडील गृहिणी ज्या सुरात बोलतात त्याच सुरात ती लुटीबद्दल बोलते. त्यांचा मुलगा ब्योर्गे लहानपणापासून पडद्यावर दिसतो आणि प्रेक्षकांसमक्ष तरुण होतो.

बहुतेक चित्रपटांचा आरंभ एकाच जागी होतो. कोपनहेगनच्या पश्चिमेस व्ह्रिडस्लूसेलिले नावाचा तुरुंग होता. कैद्याने एकान्तात पश्चात्ताप करावा या एकोणिसाव्या शतकातील कल्पनेनुसार तो बांधला गेला आणि १८५९ साली सुरू झाला. त्याचा दरवाजा उघडतो, एगॉन बाहेर येतो, बाहेर बेनी आणि केल वाट पाहत असतात. केलच्या घरी बिअरच्या बाटल्या उघडल्या जातात आणि एगॉन जाहीर करतो की आपण एक योजना तयार केली आहे. बेत ठरतो, तो काट्यासारखा पार पडतो, सारे धनवान होतात. आणि मग कुणाचे तरी एक क्षुल्लक विसरणे, इव्हॉनची एक खरेदी, केलचा एक घाबरटपणा यांमुळे सगळे कोसळते. एगॉन पुन्हा आत जातो. तुरुंगाचे दार हेच या मालिकेचे उगमस्थान आणि तेच तिचे मुख. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू नये : एगॉनची योजना जवळपास कधीच चुकत नाही. चूक होते ती योजनेत न धरलेल्या माणसाकडून. शासनात वीस वर्षे काढलेल्या माणसाला हे चित्र पाहताना हसू आवरत नाही. योजना निर्दोष असून अंमलबजावणी तेवढी ढासळली, हे वाक्य आमच्या किती टिपणांतून येऊन गेले असेल!

आता या चौदा चित्रपटांत जे बदलले त्याकडे वळू. वरवर पाहणारा म्हणेल की, यात बदलण्यासारखे काही नाही. तीच माणसे, तोच तुरुंग, तीच तिजोरी. तिजोरी तर एकाच कारखान्याची, बर्लिनच्या फ्रान्झ येगर कंपनीची. ही कंपनी लेखकांच्या कल्पनेतील. परंतु तिचे नाव घेताना एगॉनच्या चेहऱ्यावर गवयाने तंबोरा लावताना यावा तसा भाव येतो. तो कानाला स्टेथोस्कोप लावतो, तबकडी हळूहळू फिरवतो. आतल्या चकत्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की अडसर पडतो, ही अशा कुलपांची मूळ रचना. तो पडण्याचा बारीक आवाज ओळखणे हे त्याचे कसब. हे सगळे अखेरपर्यंत तसेच राहते. बदलते ते त्या तिजोरीच्या पोटातले.

१९६८ च्या पहिल्या चित्रपटात लूट आहे ती प्रदर्शनातील एका मौल्यवान सुवर्णवस्तूची. तो चित्रपट म्हणजे निव्वळ दरोडेपटांचे विडंबन. पुढील चित्रपटांच्या मानाने थोडा चावट, आणि त्यातील पोलीस अधिकारीही निराळाच. पुढे मालिका होईल असा बेत त्या वेळी दिसत नाही. १९७१ च्या चित्रपटात टोळी जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या काळात, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता. त्या किनाऱ्यावर हान्स्टहोल्मच्या परिसरात जर्मनांनी वाळूत काँक्रीटचे प्रचंड तळकोट बांधले. ते आजही तेथे झुकून, तडकून उभे आहेत. अशा एका तळकोटात दडविलेल्या खजिन्याचा शोध ही त्या चित्रपटाची कथा. म्हणजे येथवर चोरीचा माल कोणता? सोने, नाणे, पुरलेला खजिना. जे हाताने उचलता येते, पिशवीत भरता येते, दात लावून पारखता येते.

मग एक राजकीय घटना घडली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी डेन्मार्कने युरोपीय सामायिक बाजारपेठेत सामील व्हावे की नाही यावर सार्वमत झाले. सुमारे ६३ टक्के लोकांनी होकार दिला आणि १ जानेवारी १९७३ पासून तो देश त्या संघटनेचा सभासद झाला. शेतमालाला अनुदाने, निर्यातीला सवलती, लोण्याचे आणि मांसाचे साठे, ब्रसेल्सहून येणारी कागदपत्रे, असे एक नवे जग त्या लहानशा देशापुढे उघडले. जे विरोधात होते त्यांची भीती हीच होती की, आता निर्णय दूरवर होतील, मोठ्यांचे फावेल आणि आपल्या गल्लीतील माणसाला काही कळणारही नाही. त्यांचे म्हणणे किती खरे ठरले हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, त्यात मी शिरत नाही. परंतु चित्रपटाच्या लेखकांनी ही भीती अचूक ओळखली.

१९७३ पासून पुढच्या चित्रपटांत एगॉन तिजोरी उघडतो तेव्हा आत सोने क्वचितच असते. असतात ती कागदपत्रे. लाल रंगाच्या एखाद्या बॅगेत भरलेले करारनामे, हिशेब, गुप्त व्यवहारांचे पुरावे. आणि ती तिजोरी ज्याची असते तो स्वतः चोर असतो. ब्यर्न वॅट-बूल्सेन या भारदस्त नटाने अनेक चित्रपटांत असा बडा उद्योगपती उभा केला आहे. आवाज खर्जातला, कपडे उंची, हात स्वच्छ. तो सामायिक बाजारपेठेच्या नियमांतील फटी शोधतो, सरकारी अनुदानांवर डल्ला मारतो आणि मंत्र्यांबरोबर भोजन घेतो. घाणेरडे काम करावयाला त्याच्या पदरी एक आडदांड इसम असतो. एगॉनला गाजावाजा न करता नाहीसे करण्याची कामगिरी त्याच्याकडे सोपविलेली असते. एगॉन चोरतो ते आधीच चोरलेले. गंमत अशी की, त्याला हे उशिरा उमगते. तो जुन्या धर्माचा चोर. बँकेत पैसा असतो आणि तो रात्री काढावयाचा असतो, ही त्याची श्रद्धा. दिवसाउजेडी, सही-शिक्क्यानिशी, टपालाने चोरी करणारा मनुष्य त्याला धंद्याला कलंक वाटतो. त्या बड्या गृहस्थाला भेटल्यावर एगॉनचा जो संताप होतो त्यात कुठेतरी कारागिराचा अपमान आहे. चाळीस वर्षे हातमागावर बसलेल्या विणकराला गिरणीच्या मालकाने कापडाविषयी दोन शब्द सांगावेत, तशातली ती गत.

चित्रपटांतील या बदलाने सर्वांत जास्त रंग भरला तो पोलीस अधिकारी येन्सेनच्या पात्रात. अ‍ॅक्सेल स्ट्रोब्यू यांनी ही भूमिका वर्षानुवर्षे केली. येन्सेन मूर्ख नाही. त्याला सर्व ठाऊक आहे. मोठा गुन्हा कोणी केला, पैसा कोठून कोठे गेला, हे त्याला एगॉनच्याही आधी कळलेले असते. परंतु त्याला हेही कळलेले असते की, त्या दिशेने गेलेली फाइल वरून परत येते. त्याचा तरुण सहायक होल्म अजून कायद्याच्या पुस्तकावर विश्वास ठेवतो. एखादा धागा सापडला की तो डोळे चमकवीत साहेबांकडे धावतो. येन्सेन त्याला शांतपणे बसवतो. मोठ्या माशांकडे पाहावयाचे नसते, आपले काम ओल्सेनला पकडणे एवढेच, हे तो इतक्या थकलेल्या समजूतदारपणे सांगतो की, हसता हसता प्रेक्षकाला मध्येच थांबावेसे वाटते. एगॉनला पकडण्यात येन्सेनला आनंद नाही. एगॉन आहे म्हणून निदान वर्षाकाठी एक प्रकरण तरी रीतसर निकालात निघते, आरोपी कबुली देतो, शिक्षा भोगतो, कागद पुरे होतात. प्रशासनात ज्यांनी आयुष्य काढले आहे ते येन्सेनला विनोदी पात्र म्हणणार नाहीत. माझ्या मते या सबंध मालिकेतील शोकात्म व्यक्ती एगॉन नव्हे, येन्सेन आहे. कारण एगॉनजवळ दर वर्षी नवी योजना असते, येन्सेनजवळ ती नाही.

आता ज्या चित्रपटाची तिकिटे सर्वांत अधिक खपली, त्या १९७६ सालच्या चित्रपटातील एका प्रवेशाचे वर्णन केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक सरदार, मिंग घराण्याच्या काळातील एक चिनी फुलदाणी आणि तिच्याभोवतीचा लबाडीचा व्यवहार, अशी काहीशी गुंतागुंतीची ती कथा. तिच्या ओघात टोळीला कोपनहेगनच्या राजेशाही नाट्यगृहात शिरावे लागते. वर प्रयोग सुरू होत आहे, आणि खाली तळघरांतून एकामागून एक भिंती फोडीत यांना पुढे सरकावयाचे आहे. भिंत फोडावयाची म्हणजे आवाज होणार. एगॉनने यावर तोड काढली आहे ती अशी : आवाज टाळावयाचा नाहीच, तो संगीतात बसवावयाचा.

वर वाद्यवृंद जी सुरावट वाजवीत असतो ती फ्रीड्रिख कूलाउ यांची ‘एल्व्हरहॉय’ या नाटकाची. हे नाटक १८२८ साली राजघराण्यातील एका विवाहाच्या प्रसंगी लिहिले गेले आणि डॅनिश लोक त्याला आपले राष्ट्रीय नाटक मानतात. त्याच्या आरंभीच्या सुरावटीच्या शेवटी राजगीताची धून गुंफलेली आहे. म्हणजे हे संगीत प्रत्येक डॅनिश माणसाने शाळेत असल्यापासून ऐकलेले. एगॉन हातात जणू स्वरलिपी घेऊन उभा आहे. तारवाद्ये हलकी चालत असताना कुदळ थांबते, तिघे तालावर पाऊल टाकतात. ढोल घुमला की घाव पडतो, झांजा कडाडल्या की दारू उडते आणि विटांचा ढीग खाली येतो. पुन्हा सूर मृदू होतात, हे धूळ झटकून पुढच्या भिंतीशी. वर वाद्यवृंदाचा चालक कांडी फिरवतो आहे, खाली एगॉन. आणि दोघांचा ताल एक. ‘रिफिफी’त दासँ यांनी शांततेतून ताण निर्माण केला. येथे बालिंग आणि बास यांनी नेमके उलट केले, गोंगाटात गोंगाट लपविला. ‘रिफिफी’तील तो अर्धा तास मी थोर मानतो; पण हा प्रवेश पाहताना जो निर्मळ आनंद होतो तो तेथे नाही. देशातील सर्वांत प्रतिष्ठित वास्तू, सर्वांत प्रतिष्ठित संगीत, आणि त्याच संगीताच्या आधाराने तिचा पाया पोखरणारे तीन दरिद्री चोर! यात राष्ट्राचा अपमान आहे असे कुणा डॅनिश माणसाला वाटले नाही. तीन चोरांना आपले राष्ट्रीय संगीत तोंडपाठ आहे, याचे त्यांना कौतुकच वाटले असावे.

त्या आधीच्या दोन चित्रपटांचीही एक कथा आहे. १९७४ च्या चित्रपटाला ‘अखेरचे पराक्रम’ असे नाव दिले होते. परंतु लोकांनी हा निरोप स्वीकारला नाही, आणि १९७५ साली टोळी परत आली. या खेपेस आरंभ झाला तो स्पेनच्या मायोर्का बेटावरील ऐषारामात. पण श्रीमंत ओल्सेन कुणाला हवा होता? लवकरच पैसा हातचा गेला आणि मंडळी मायदेशी परतली ती रेल्वेच्या रुळांवर. रेल्वेच्या यार्डात डबे ढकलणारे एक चिमुकले जुने इंजिन या चित्रपटात आहे. त्याचे नाव रोझिनांते, म्हणजे डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचे. वेळापत्रक, सांधे, सिग्नल यांचा असा काही खेळ त्यात मांडला आहे की, रेल्वेत नोकरी केलेल्यांनी तो जरूर पाहावा.

या टोळीचे देशाबाहेरचे भाग्यही विलक्षण आहे. शेजारच्या नॉर्वेने हे चित्रपट नुसते आणून दाखविले नाहीत, तर त्यांच्या पटकथा घेऊन स्वतःचे चित्रपट काढले. १९६९ साली क्नुत बोह्विम यांनी आरंभ केला आणि १९९९ पर्यंत तेथेही चौदा चित्रपट झाले. आर्वे ओप्साल हे तेथील एगॉन, आणि त्यांना घरोघर मिळालेले प्रेम मूळ एगॉनच्या तोडीचे होते. डॅनिश आणि नॉर्वेजियन या इतक्या जवळच्या भाषा की लिहिलेले एकमेकांना सहज वाचता येते. तरीही विनोद शेजाऱ्याच्या उच्चारांत ऐकावयाचा नसतो, आपल्याच गल्लीच्या बोलीत ऐकावयाचा असतो, हे नॉर्वेकरांनी दाखवून दिले. तमिळ चित्रपट हिंदीत आणि मराठी नाटक गुजरातीत पुन्हा उभे राहताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटावयाचे नाही. स्वीडनमध्ये १९८१ साली गोस्टा एकमन यांना घेऊन याच कल्पनेवर योन्सनच्या टोळीचे चित्रपट निघू लागले. ते हळूहळू मूळ वळण सोडून स्वतंत्र वाटेने गेले, आणि २०२० सालीही त्यांतील एक नवा चित्रपट निघाला.

पण सर्वांत मोठे आश्चर्य पूर्व जर्मनीचे. तेथील सरकारी चित्रपटसंस्थेने हे डॅनिश चित्रपट जर्मन संवाद घालून दाखविले आणि ते कमालीचे लोकप्रिय झाले. सरकारला ते पसंत पडण्याचे कारण उघड होते : भांडवलदार हाच खरा चोर, हे पश्चिमेकडील चित्रपटानेच सांगावे, याहून सोयीचे काय? परंतु जनतेचे कारण तेच असेल असे मला वाटत नाही. ज्या देशात दुकानातील प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या पंचवार्षिक योजनेतून येत होती, किंवा येत नव्हती, तेथे निर्दोष योजना घेऊन येणारा आणि दर वेळी फसणारा मनुष्य पडद्यावर पाहून लोक कशाला हसत असतील, याची कल्पना करता येते. तुटपुंज्या साधनांतून, दोरी-खिळ्यांतून काम भागविण्याचे एगॉनचे कौशल्यही त्यांच्या रोजच्या अनुभवातले होते. १९९० साली तो देश नकाशावरून गेला. तेथील ओल्सेनचे चाहते मात्र टिकून राहिले.

अमेरिकेतील ‘ओशन्स इलेव्हन’चे पुनरुज्जीवन स्टीव्हन सोडरबर्ग यांनी २००१ मध्ये केले, पुढे २००४ व २००७ मध्ये त्याचे दोन भाग काढले आणि २०१८ मध्ये स्त्रियांची टोळी घेऊन आणखी एक चित्रपट दुसऱ्या दिग्दर्शकाने काढला. यांत चोर देखणे आहेत, बेत अफाट आहेत आणि दरोडे यशस्वी होतात. जुनी आचारसंहिता गेली, तिच्याबरोबर शवपेटीतील पैशांचे जळणेही गेले. ते चित्रपट मी आवडीने पाहिले. परंतु त्यांतील कोणत्या माणसाच्या घरी संध्याकाळी काय शिजते हे मला सांगता येणार नाही. केलच्या घरी काय शिजते ते मी सांगू शकेन.

१९८१ साली ओल्सेनचे दोन चित्रपट लागोपाठ निघाले आणि मालिका थांबली. बालिंग त्याच सुमारास ‘मातादोर’ या दूरचित्रवाणीवरील मालिकेत गुंतले होते. १९७८ ते १९८२ मधील तिचे २४ भाग म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एका डॅनिश गावाने काय भोगले त्याची कादंबरीच आहे. १९८७ साली किर्स्टन वाल्टर वारल्या. इव्हॉनशिवाय टोळी जमवणे कुणाला शक्य वाटले नाही, आणि सतरा वर्षे तशीच गेली.

अखेर १९९८ साली सगळे म्हातारे पुन्हा एकत्र आले. दिग्दर्शन आता बालिंग यांच्याकडे नव्हते. चित्रीकरण चालू असतानाच पॉल बुंडगार्ड वारले. चित्रपट अर्धा झालेला. केलशिवाय तो पुरा कसा व्हावा? उरलेल्या प्रवेशांत दुसरा मनुष्य पाठमोरा, अंतरावर, त्याच कपड्यांत उभा केला गेला आणि आवाज दुसऱ्याने हुबेहूब काढला. जाणता प्रेक्षक आजही तो चित्रपट पाहताना कोणता केल खरा हे शोधीत बसतो. त्यानंतर हेनिंग बास २००२ मध्ये, ओव्हे स्प्रोगे २००४ मध्ये, बालिंग २००५ मध्ये, ग्रुनवाल्ड २०१८ मध्ये आणि मालिकेची ती खट्याळ, ठुमकणारी धून बांधणारे संगीतकार बेंट फाब्रिसियस-ब्येर २०२० मध्ये, असे एकेक जण गेले. १९९९ मध्ये टोळीच्या बालपणावर मुलांसाठी एक दूरचित्रवाणी मालिका झाली, २००१ मध्ये तसाच एक चित्रपट निघाला, आणि २०१० व २०१३ साली तिघे जण व्यंगचित्रांच्या रूपाने पडद्यावर आले. चित्रांतील त्या एगॉनचा टोप तोच आहे, सूट तोच आहे, आणि त्याच्या नावावर अजूनही नवी योजना असते.